बाबांचं गुळगुळीत नाणं

आधीच सांगून ठेवतो, मी माझ्या बहिणीचं कौतुक करणार आहे आणि हातचं राखून करणार नाही. ज्याला जास्त वाटेल त्यानं आपल्या बहिणीबद्दल लिहावं, त्याचा हात कोणी धरलाय?

घरात तिला चिमटी म्हणतात. लहानपणी ती सगळं चिमटीत पकडायची. सांडलेली साखर, मुंगी, माझा कान. आता ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. दाढ डॉक्टर काढतो, पण पेशंट घट्ट धरून ठेवतो तो हात हिचा. मी रंगारी. शिक्षण दहावी, तेही दोन हप्त्यांत. पण गावातल्या अर्ध्या भिंती मी रंगवल्यात आणि उरलेल्या अर्ध्या बघून मला कसंतरी होतं.

बाबा बस स्टँडवर तिकीट खिडकीत बसायचे. एकदा गर्दीत कोणीतरी कुठल्यातरी परक्या देशाचं नाणं सरकवून गेलं. ते कुठंच चालेना, म्हणून बाबांच्या खिशात राहिलं ते कायमचं. किल्ल्यांबरोबर खुळखुळून खुळखुळून त्याच्या दोन्ही बाजू साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या. एका बाजूला किल्लीचा खोल ओरखडा तेवढा राहिला.

आमचं भांडण लागलं की बाबा ते नाणं उडवायचे. भांडण एकच, बसमध्ये खिडकीशी कोण बसणार. धाकटी म्हणून आधी बोलायचा मान तिचा, आणि ती दर वेळी छापाच म्हणायची. नाण्यावर तर काही दिसायचं नाही. बाबा ठासून सांगायचे, "ओरखड्याची बाजू छापा." नाणं पडायचं, ओरखडा वर. चिमटी खिडकीत आणि मी मधल्या जागेवर, मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या.

बाबा गेले तेव्हा आई ते नाणं हातात घेऊन म्हणाली, "माणसानं जन्मभरात एक गोष्ट जमवली, तीसुद्धा झिजलेली." आईचं असंच आहे. रडायचं असलं की टोमणा मारते.

यंदा इथल्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळानं एक पुस्तक काढायचं ठरवलं. लोकांच्या घरातली नाणी, नाण्याचा मोठा फोटो आणि खाली ज्यानं सांभाळलं त्याचं नाव. मंडळाचे चिटणीस म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. ते दाढ दाखवायला आले होते, तेव्हा चिमटीला हे कळलं. दुसऱ्या दिवशी ती नाणं घेऊन त्यांच्या दुकानात, आणि मी तिच्या मागे.

चिटणिसांनी भिंग लावून नाणं उलटसुलट पाहिलं. "ताई, यावर काहीच दिसत नाही. मी काय छापू? बटण?"

"आणि दिसलं तर?"

"दिसलं तर छापतो. वडिलांच्या नावासकट. पण शनिवारपर्यंत. सोमवारी पानं छापखान्यात जातात."

येताना बसमध्ये ती नाणं बोटांत फिरवत होती. मग म्हणाली, "दादा, बाबांचं नाव आजवर कुठं छापून आलंय?"

मी खूप आठवलं. "लाइटबिलावर."

"ते पण चुकीचं," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातलं टेबल ताब्यात घेतलं. माझे रंगाचे दोन डबे, त्यावर दोन पट्ट्या, पट्ट्यांवर फोन, कॅमेरा खालच्या बाजूला, आणि त्याखाली नाणं. उजेडाचं काम मी अंगावर घेतलं. कामावरचा मोठा हॅलोजन आणला आणि थेट नाण्यावर रोखला. फोटो आला. बटणच, फक्त आता पांढरं.

"दादा, तुझा तो सूर्य बंद कर," चिमटी म्हणाली.

तिनं टेबल लँपला बटर पेपर गुंडाळला. उजेड मऊ झाला, ओरखडा छान उमटला, पण नाणं हिरवं.

"हे पोपटी का दिसतंय?"

मी भिंतीकडे पाहिलं. स्वयंपाकघराला पोपटी रंग मीच दिलेला. चांदीसारखं नाणं म्हणजे आरसा, समोर असेल ते खातं. एक मात्र कबूल करा, रंग किती अस्सल की नाण्यात उतरला! तरी चिमटीनं माझ्या भिंतीवर पांढरी चादर टांगली. बघवेना मला.

आई डोकावली. "काय लावलंय बापाच्या नाण्याचं? इकडे द्या, लिंबू चोळून लख्ख करून देते."

चिमटीनं नाणं मुठीत दडवलं. "आई, हात लावायचा नाही! घासून घासूनच ही दशा झालीय त्याची."

"मग माझं लिंबू वाचलं," म्हणून आई गेली, पण दारातच थांबून राहिली.

गुरुवारपर्यंत शंभरेक फोटो झाले असतील. सगळी बटणं. चिमटी टेबलावर डोकं टेकून बसली. मला ते पाहवत नाही. मग तशीच, डोकं न उचलता म्हणाली, "दादा, तू भिंतीतले खड्डे कसे शोधतोस रे?"

"सोपं आहे. समोरून उजेड टाकला की भिंत खोटं बोलते, सगळी सपाट दिसते. दिवा भिंतीला चिकटवून आडवा धरायचा. मग बारीकसा उंचवटासुद्धा सावली पाडतो आणि..."

तिनं डोकं उचललं. माझ्याकडे असं पाहिलं जसं मी पहिल्यांदाच काहीतरी बोललोय. तेव्हा ऐका, विचारलं तिनं, म्हणून श्रेय तिचं. पण उजेड माझा!

खोलीतला दिवा घालवला. टॉर्च टेबलावर आडवा ठेवला, नाण्याच्या कडेला अगदी लागून. दुसऱ्या बाजूला तिनं डॉक्टरांकडून मागून आणलेला दाताचा छोटा आरसा उभा केला, थोडा उजेड परत फेकायला. नाण्याखाली दाताचा साचा घेतात त्या मसाल्याची गोळी, हवं तसं तिरकं करता यावं म्हणून. बोटानं फोन हलू नये म्हणून टायमर लावला. एक फोटो, नाणं केसभर फिरवायचं, दुसरा फोटो.

एक उभी रेघ आली. मग तिरकी. मग पोट फुगलेलं काहीतरी.

"शीड!" चिमटी ओरडली. "दादा, होडी आहे! बाबांच्या खिशात होडी होती!"

गुळगुळीत बाजू होती ती. दारातून आई आत आली, चष्मा न लावताच फोनवर वाकली आणि पहिल्यांदाच टोमणा मारायला विसरली.

शनिवारी मंडळाच्या खोलीत, सगळे सभासद जमलेले असताना, चिटणिसांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "सुंदर आहे. पण ताई, राग मानू नका, हल्ली फोनवर कोणी काहीही काढून घालतं. दुसऱ्या बाजूचा आहे?"

"ती राहिली," चिमटी म्हणाली. होडीच्या नादात आम्ही नाणं परत उलटलंच नव्हतं. मग म्हणाली, "तुमच्यासमोर काढते."

त्या बाजूला काहीच उरलं नसेल तर? पण ती पडदे ओढायलासुद्धा लागली. पुस्तकांच्या दोन थप्प्या, माझ्या पट्ट्या, आरसा, गोळी. इथलं टेबल खडबडीत, काहीच नीट बसेना, म्हणून टॉर्च मी हातात धरला आणि आरसा तिनं. तिसऱ्या मजल्यावर एका पायावर उभा राहून रंग मारणारा मी, आणि इथं टॉर्च हलू नये म्हणून श्वास रोखून उभा.

"दादा, श्वास सोड," ती डॉक्टरकडच्या आवाजात म्हणाली. "तुझी दाढ काढत नाहीये मी."

मी श्वास सोडला. टॉर्च खाली नेला, आणखी खाली. पहिला फोटो, नुसता ओरखडा. तिनं नाणं फिरवलं. दुसरा, ओरखडा. तिसऱ्यात ओरखड्याच्या पलीकडे एक गोल अंधारातून वर आला. शून्य! त्याच्या डावीकडे पाच, आणि खाली बारीक आकड्यात साल. चिटणिसांनी साल मोठ्यानं वाचलं, मग देवाला नमस्कार करतात तसे नाण्यापुढे वाकले आणि म्हणाले, "पान राखून ठेवा रे!"

सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझ्या डोक्यात भलतंच पेटलं. होडी गुळगुळीत बाजूला, आकडा ओरखड्याच्या बाजूला.

"थांबा, थांबा!" मी ओरडलो. "म्हणजे ओरखड्याची बाजू काटा! चिमटे, म्हणजे लहानपणीची ती सगळी खिडकी माझी होती!"

ती इतकी हसली की डोळे पुसायला आरसा खाली ठेवावा लागला.

पुस्तक आलं. डाव्या पानावर होडी, उजव्या पानावर पन्नास, आणि खाली बाबांचं अख्खं नाव, एकही चूक नाही. त्याखाली 'छायाचित्र' लिहून माझ्या बहिणीचं. आम्ही तिघं ते घेऊन बसनं घरी आलो. पुढच्या सीटवर आई पुस्तकातल्या नावावर बोट ठेवून शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "हे आमचे. फार जपलं हो त्यांनी ते नाणं."

चिमटीनं मागची सीट धरली, पण बसली नाही. बाजूला सरकून म्हणाली, "जा आत. तुझी थकबाकी."

मी खिडकीशी बसलो. पण बाहेर बघतोय कोण? आईकडून पुस्तक मागून घेतलं, ते पान काचेला टेकवलं बाहेरच्या बाजूला तोंड करून, आणि प्रत्येक स्टॉपवर तसंच धरून ठेवलं. बघू दे जगाला.