पंगतीतला प्रश्न

आमच्याकडे पंगतीत वरणभाताच्या आधी तरुणांच्या पानात एक प्रश्न पडतो : ‘सध्या काय करतोस?’ परवा एका बारशाला माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, तो आमच्या डेन्मार्कच्या जावयाला, येन्सला विचारला.

“सध्या बेकार आहे,” भाचीने शिकवलेल्या मराठीत येन्स हसत म्हणाला आणि त्याने मठ्ठा मागितला.

वाढणारे हात थांबले. “म्हणजे तयारी करतोय हो,” त्याची सासू, माझी बहीण, घाईघाईने म्हणाली.

“कसली तयारी?” येन्सने विचारलं.

मला हसू फुटलं. कामावरचे किती आणि काम शोधणारे किती, हे प्रत्येक देश मोजतो. आमच्या घराघरांत मात्र आणखी एक जमात आहे, ती म्हणजे तयारीतल्यांची. एका परीक्षेची तयारी संपते, तोवर पुढचीची सुरू होते. काम नसणं येन्सला पावसापाण्यासारखं वाटतं, आज आहे, उद्या नसेल. आपण ते दुखण्यासारखं झाकतो, आणि झाकतात ती दुखणेकरी नव्हे, घरचीच माणसं. हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

एवढ्यात अण्णा माझ्या मुलाकडे, निखिलकडे वळला. एमएस्सी झाल्यापासून निखिल समारंभांना येतच नाही. परवा मीच त्याला ओढून नेलं होतं.

“अरे, तो तयारी...” माझ्या तोंडून निघालंच.

“मीही बेकार आहे, अण्णामामा,” निखिल म्हणाला. “मठ्ठा इकडेही येऊ द्या.”