दोन बोटं क्लचवर

नांदेड सोडलं तेव्हा ऊन नुकतंच गोदावरीच्या पुलावर आलं होतं. डावा हात हँडलवर, आणि त्यातली दोन बोटं क्लचवर. लातूर येईपर्यंत ती तिथून हलवायची नाहीत, हे ठरलेलं होतं.

गाडी आप्पांची, माझ्या वडिलांची. जुनी जपानी टू-स्ट्रोक मोटरसायकल. हिच्यावर कापडाचे गठ्ठे बांधून त्यांनी लोहा, कंधार, मुखेडचे आठवडी बाजार केले, आणि त्या बाजारांवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी अभिमानानं सांगते, कुणाला आवडो न आवडो. पुढं आप्पा लातूरला माझ्या धाकट्या भावाकडं, महेशकडं राहायला गेले आणि गाडी नांदेडच्या घरामागं पत्र्याखाली गंजत राहिली. यंदा लातूरच्या एका हॉटेलवाल्यानं ती मागितली. चालवायला नाही, भिंतीवर टांगायला. गिऱ्हाइकं खाली उभी राहून फोटो काढतात म्हणे. आप्पा हो म्हणाले, मी फोनवर भांडले. शेवटी त्यांनी अट घातली.

"सोताच्या चाकावर इथवर आली तर ती गाडी. टेम्पोतून आली तर भंगार. मग भंगार कुठं बी टांगू दे."

उन्हाळा आणि पावसाळा मी त्या गाडीत घालवला. नव्या पिस्टनच्या मापाला सिलिंडर तेवढा लेथवाल्याकडून बोअर करून, म्हणजे आतून कोरून आणला. बाकी सगळं मागच्या खोलीत, माझ्या हातानं. टाकीतला गंज काढायला तर केमिस्ट्रीच कामाला आली. पण या गाड्यांचा पिस्टन एरवीही दगा देणारा, त्यात नवा घट्ट असतो. तापला की फुगतो, फुगला की अडकतो, आणि धावत्या गाडीचं मागचं चाक जागीच थांबतं. त्याच क्षणी क्लच दाबला तर वाचलात. म्हणून ती दोन बोटं.

पहिला थांबा लोह्याला. इंजिन निवेपर्यंत सुशीला (भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे) खाल्ली. निम्मी पानातच राहिली. महेशचा फोन आला.

"ताई, दोरी घेतलीस का सोबत?"

"कशाला?"

"वढून आणायला!"

तो हसला. मी नाही हसले.

माळाकोळीच्या पुढं बालाघाटचे चढ लागतात. रस्त्याकडेला बायका पाट्या मांडून सीताफळं विकत होत्या. एरवी मी उतरलेच असते. त्या दिवशी माझे कान इंजिनात होते. चढावर आवाज जड झाला की माझा श्वास अडकायचा, उतारावर तो मोकळा झाला की मीही.

अहमदपूरला पंपावर पेट्रोल भरलं आणि पिशवीतून ऑइल काढून टाकीत मापानं ओतलं. पंपावरचा माणूस बघतच राहिला.

"ताई, पेट्रोलात ऑइल? भेसळ करून राहिल्या का?"

"हिला असंच लागतं, दादा."

"मंग लई नखऱ्याची हाय."

अहमदपूरच्या पुढं सोयाबीनचा हंगाम अंगावर आला. अर्ध्या रस्त्यावर शेंगा वाळत घातलेल्या; दाण्यांवर चाक गेलं की गोट्यांवरून घसरल्यासारखं होई. जागोजागी मळणीयंत्रं चालू, आणि भुसा ढगासारखा आडवा रस्त्यावर. ओढणी नाकातोंडाला गुंडाळून मी त्या ढगांतून गाडी काढत होते. एक संपला की दुसरा.

शिरूर ताजबंदच्या अलीकडं आवाज बदलला. फटफट गेली आणि बारीक कण्हणं सुरू झालं. वेग आपोआप उतरला. काय होतंय हे डोक्यात यायच्या आधीच बोटांनी क्लच ओढला. गाडी घरंगळत कडेला आली. किक मारली, तर पाय खाली जाईना.

अडकला.

शेजारच्या शेतात मळणी चालली होती. डोक्याला फडकं बांधलेली एक वयस्कर बाई बांधावर आली.

"काय झालं गं पोरी?"

"तापली, मावशी."

ती मागं वळली आणि भरलेली बादली घेऊन आली. बादली वर उचललेली बघून मी ओरडले, "नको! ओतू नका! लोखंड तडकंल!" मळणीवरची माणसं थांबून बघायला लागली.

"वरडतीस कशाला? म्हशीला बी उन्हातनं आल्यावर पाणीच लागतंय." तिनं बादली खाली ठेवली. "मग तू तरी पी."

मी प्याले. तिनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी तिला आप्पांची अट सांगितली.

"एवढंच? आमचं ट्रॅक्टर लातूरच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) चाललंय. टाक ट्रॉलीत. घराच्या कोपऱ्यावर उतरीव आन् तिथनं चालवत जा. बापाला काय कळतंय?"

खोटं कशाला सांगू, मी ट्रॉलीकडं बघितलं. चांगलं बराच वेळ बघितलं.

"आप्पा इंजिनाला हात लावून बघतील," मी म्हटलं. "गार लागलं की कळंल."

"लई खडूस दिसतोय."

"हाव."

मग मी सिलिंडरसमोर उकिडवी बसले. हवा लागून इंजिन निवावं म्हणून सिलिंडरला पात्या असतात. तेलकट पात्यांवर भुसा बसून त्यांच्यामधल्या फटी गच्च भरल्या होत्या. हवा जायला जागाच नव्हती. म्हणजे चूक माझ्या जोडणीत नव्हती! केसांतली पिन काढली आणि एकेक फट कोरून मोकळी केली. मावशी शेजारी बसली, तिनंही आपली पिन काढली. फोन वाजत राहिला. महेशच असणार. उचलला नाही.

इंजिनावर हात टेकवता येईल इतकं निवल्यावर किकवर पाय ठेवला. हळूच दाबला. गेला. दुसऱ्या किकला धूर आला, तिसऱ्याला गाडी.

"पळ आता," मावशी म्हणाली, "आन् भुसा दिसला की थांबत जा."

चाकूर गेलं, लातूर आलं. बोटांना मुंग्या येऊन गेल्या होत्या. गल्लीत आप्पा खुर्ची टाकून बसले होते. शेजारी महेश आणि हॉटेलवाला. त्याच्या हातात हँडलची रुंदी मोजायला टेप. मी गाडी बंद केली नाही. आप्पा उठले, पात्यांना हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. बोटाला चिकटलेला भुसा त्यांनी निरखून बघितला.

"मळणीतनं आणलीस व्हय?"

"हाव."

ते हॉटेलवाल्याकडं वळले. "टेप ठिवा खिशात."

एवढंच बोलले. पोरगी हुशार निघाली वगैरे काही नाही. रात्री माझ्या ताटात निलंगा राईस (निलंग्याकडचा मसालेदार भात) मात्र दोनदा वाढला.

दुसऱ्या दिवशी परत निघताना आप्पा म्हणाले, मी बी येतो नांदेडला. अहमदपूरपर्यंत त्यांनी चालवली. मी लहानपणी टाकीवर बसून बघायचे, तशीच त्यांची दोन बोटं क्लचवर होती. तेव्हा मला ती त्यांची ऐट वाटायची. आपल्या पोरीला पुढं बसवून हा माणूस रोज काय भीती हातात धरून चालत होता, हे मला पिस्टन हातात घेतल्यावर कळलं.

अहमदपूरला ते उतरले. "चालव तू."

मी पुढं बसले. आधारासाठी त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. चढ आला, इंजिनाचा आवाज जड झाला, आणि मला जाणवलं, त्या हाताची दोन बोटं माझ्या खांद्यावर टेकलेली नव्हती. ती पुढं, हवेत, तयार होती.