माननीयांच्या हातातला ग्लास

आमचे सासरे जेवताना मीठ मागायचे, तेसुद्धा "माननीय सूनबाई आणि उपस्थित बंधुभगिनींनो" असं म्हणून. उपस्थित कोण, तर मी आणि कुकर. बँकेतून रिटायर झाल्यापासून मुलुंडच्या आमच्या सोसायटीतलं एकही भाषण त्यांनी दुसऱ्याला करू दिलं नाही. सत्यनारायण असो, कोजागिरी असो, पाण्याची नवी टाकी असो, माईक यांच्याच हातात. बिल्डिंगभर त्यांचं नाव 'माननीय' पडलं होतं. घरात ते अण्णा.

सव्वीस जानेवारीचं भाषण म्हणजे तर त्यांचा खास मान. झेंडा फडकून कधीचा झालेला, लोक उन्हात पाय बदलत उभे, आणि अण्णा अजून मिठाच्या सत्याग्रहावरच. त्यांचे कट्ट्यावरचे दोस्त गोगटेकाका मागून ओरडायचे, "माननीय, जिलब्या मऊ पडल्या हो!" अण्णा थांबायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "लोक तुरुंगात गेले गोगटे, आणि तुला जिलबीची पडलीय!" की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आणि एका डिसेंबरात हेच अण्णा म्हणाले, "यंदा दुसऱ्या कुणाला बोलू द्या. माझा घसा बरा नाही." सोसायटीत आनंदीआनंद. मला मात्र हे पटेना. घसा कसला बरा नाही? दिवसभर टीव्हीवरच्या बातमीवाल्याशी भांडत होते ना! पण कट्ट्यावर जाणं बंद, देवळात जाणं बंद, लग्नाची आमंत्रणं आली की "तुम्हीच जाऊन या."

त्याच सुमारास त्यांना ग्लासाचं वेड लागलं. हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून आतल्या खोलीत, जातील तिथे हातात पाण्याचा भरलेला ग्लास. पिताना मात्र कधी दिसायचे नाहीत. आणि तो रोज सांडायचा. कधी सोफ्यावर, कधी खुर्चीवर, कधी थेट लेंग्यावर. "अगं मेधा, ग्लास सांडला बघ!" मला वाटलं, हात कापत असेल. माझ्या नवऱ्याने तर लगेच लहान मुलांचा नळीवाला सिपर आणून दिला. अण्णांनी तो उलटा केला, हलवला, पुन्हा उलटा केला आणि वैतागून म्हणाले, "हा तर सांडतच नाही! मग काय उपयोग याचा?"

बोलून गेले खरे. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी पंख्याकडे बघितलं.

नवऱ्याला मी दूध आणायला पिटाळलं. फ्रिजमध्ये दूध होतं, पण असो. "अण्णा, बाथरूमपर्यंत जाईस्तोवर दम निघत नाही का?"

"हा विषय आजच्या सभेपुढे नाही," अण्णा म्हणाले.

"मग आयत्या वेळचा विषय म्हणून घेते."

तेव्हा कुठे ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "तुझ्या सासूला सांगितलं असतं गं. ती जाऊन बसली वर. सुनेला कसं सांगायचं हे? वर झेंडा, पुढे एवढी माणसं, आणि माईकसमोर माझं असं झालं तर? त्यापेक्षा घरात बसलेलं बरं." ज्या माणसाला गप्प करणं अख्ख्या सोसायटीला जमलं नव्हतं, तो असा खाली मान घालून बसलेला मला बघवेना. मी तिथल्या तिथे ठरवलं, यांना माईकपाशी उभं करायचंच.

डॉक्टरांनी तपासलं, प्रोस्टेटच्या गोळ्या दिल्या आणि भीतीने पाणी पिणं कमी केल्याबद्दल आधी रागावले. दिवसा नीट पाणी प्यायचं, संध्याकाळचा तिसरा चहा बंद, आणि लागो न लागो, ठरावीक वेळाने जाऊन यायचं. घरी मी पहिल्यांदा लेंग्याच्या नाड्या काढल्या. अण्णांची नाड्याची गाठ म्हणजे बँकेची तिजोरी. ती सुटेपर्यंत वाट लागायची. "इलॅस्टिक लावलं की माणसाच्या चारित्र्याला ढिलाई येते," असं त्यांनी बजावून सांगितलं. दुपारी बाथरूममधून आवाज आला, "झकास! हे आधी का नाही सुचलं?" गादीवर चादरीखाली माझ्या लेकीच्या बाळपणीचं मेणकापड घातलं, पिवळ्या बदकांचं. त्यावर तक्रार एवढीच, की बदकं उताणी घालू नको, वर बघतात. बाहेर जाताना डायपर. त्याला ते 'बंदोबस्त' म्हणत. "बंदोबस्त चोख आहे, रिक्षा बोलवा!"

डॉक्टरांनी एक व्यायामही शिकवला होता. लघवी रोखताना जो स्नायू आवळतो तो आवळायचा, धरायचा, सोडायचा. अण्णांना नवीन काही कळलं की ते स्वतःपुरतं ठेवणं शक्यच नव्हतं. एक दिवस वॉचमन धापा टाकत वर आला. "मॅडम, नीचे सब अंकल लोग का झगडा हुआ है. कोई किसी से बात नहीं करता!" मी धावत खाली गेले. कट्ट्यावर सगळे म्हातारे ओळीने बसलेले, जबडे घट्ट, नजर समोरच्या स्कूटरवर. कुणी हू की चू नाही. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "सोडा!" आणि सगळ्यांनी एकदम सुस्कारा टाकला.

सव्वीस जानेवारीला अण्णा माईकपुढे उभे राहिले आणि मिठाच्या सत्याग्रहापाशी पोचले. गोगटेकाका नेहमीसारखे ओरडले, "माननीय, आवरा! आम्हाला आता जायला लागेल!"

"जा ना," अण्णा म्हणाले. "लाजता काय? मीही जातो, घड्याळ लावून. आणि आत्ता या झब्ब्याखाली डायपर घालून उभा आहे, म्हणून तुम्हाला सांगतो, मला अजून तासभर घाई नाही!"

माझ्या नवऱ्याने रुमालात तोंड लपवलं. मग गोगटेकाकांनीच टाळी वाजवली आणि हशाचा नुसता गोंधळ उडाला. भाषण मात्र खरंच तासभर चाललं. जिलब्यांचा पार लगदा झाला.

त्यानंतर आमच्या दाराची बेल सारखी वाजायला लागली. कुणाला साखर हवी असायची, कुणाला विरजण. वाटी हातात घेऊन मग हळूच, "ते... कुठून मागवता गं तुम्ही?" आतून अण्णांचा खणखणीत आवाज, "मीडियम की लार्ज, ते विचार आधी!"

अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. दुपारी जेवून उठताना "माननीय सूनबाई" एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले, ते बसलेच. पुढचं वाक्य राहून गेलं. मला अजून त्यांची फार आठवण येते, विशेषतः कुकरची शिट्टी झाली की.

यंदा झेंडावंदनाचं भाषण सेक्रेटरींनी चुटकीसरशी उरकलं. जिलब्या गरम होत्या, कुरकुरीत होत्या, आणि गोगटेकाका म्हणाले, "काही मजा नाही राव." तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या सामंतकाकू गेटपाशी एकट्याच उभ्या होत्या, सगळ्यांपासून लांब. हातात पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास. मी बराच वेळ बघत होते. काकूंनी एक घोटही घेतला नाही.

मी जवळ गेले, त्यांच्या हातातून ग्लास घेतला, गटागटा पिऊन टाकला आणि म्हटलं, "माननीय काकू, वर चला आमच्याकडे. तुम्हाला बदकं दाखवते."