टायरच्या दुकानात मातीचा डबा

फोन कानाशी नीट धर. तिकडून अर्धं ऐकशील, उरलेलं मनानं जोडशील आणि गावभर सांगशील की म्हातारी टायरला जेवू घालत होती. मागं तसंच केलंस. आज नीट ऐकून घे.

ती कापसाची वाईट सालं होती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. आमच्या तांड्यातल्या बायांनी मग निम्म्या वावरात भाजीपाला घातला, आणि आमच्या ह्यांनी बैलजोडी विकून जुनी पिकअप आणली. आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले, वाहतूक आपल्या रक्तातच आहे, असं ह्यांचं म्हणणं. रक्तात असेल, टायरात मात्र हवासुद्धा राहत नव्हती.

तांड्यापासून डांबरी सडकेपर्यंत दीड कोस पांदण, वावरांमधली कच्ची वाट. पावसाळ्यात तिथली काळी माती टायरच्या खाचांत अशी भरते की चाक गुळगुळीत होतं आणि जागच्या जागी फिरतं. चिखलाखाली कुंपणाच्या बाभळीचे काटे, ते दिसत पण नाहीत. लागोपाठ दोन बाजारांना गाडी पंक्चर झाली. नऊ बाया चवळीच्या शेंगा, वाळकं, अंबाडीचे भारे घेऊन पांदणीत बसून राहिल्या. घाटंजीला पोचलो तेव्हा बाजार उठत आला होता. त्या बायांत वयानं मोठी माझी नणंद. तिनं सांगून टाकलं, "भाभी, येत्या बाजारी हवा गेली तं आमी ऑटोवाल्यासंग जातो. तुया गाडीत कोंबड्या बसव."

नऊ बाया गेल्या असत्या तर खरंच कोंबड्याच बसवायची पाळी होती.

ह्यांनी घाटंजीत एक टायर पाहून ठेवला होता. घरी येऊन त्याचंच वर्णन. काय नक्षी, काय खाचा, जसा वाघाचा पंजा. मी म्हटलं, "आपल्याले वाघ नाही पाळाचा. मी येतो पाहाले."

सकाळी मी पांदणीतली माती घेतली, पाणी घालून भाकरीच्या पिठासारखी मळली आणि स्टीलच्या डब्यात भरली. पुडीत दहा-बारा बाभळीचे काटे बांधले.

दुकानातले चाचा पांढऱ्या दाढीचे, बोलायला गोड. डबा पाहून म्हणाले, "बाई, जेवण कायले आणलं, चाय मागवतो ना." मी झाकण उघडलं. चाचांनी आधी डब्यात पाहिलं, मग ह्यांच्याकडे. हे बाहेर जाऊन सायकली मोजू लागले.

माझी फजिती आधी झाली, तीही सांगते. येईपर्यंत माती वाळून कडक झाली होती. ज्या टायरला लावावी त्यावरून ढेकूळ खाली पडे. सगळेच टायर पास. हे लगेच आत आले, "पाह्य, वाघाले कुठं चिकटली?" मी चाचांच्या माठातलं पाणी घेतलं आणि तिथंच बसून माती पुन्हा मळली.

आता वाघाच्या पंजात माती दाबली आणि टायरला थापड मारली. माती तसूभर हलली नाही. बारीक बारीक खाचा, एकीला एक लागून, कशी सुटणार. मग कोपऱ्यातला एक दिसायला अगदी बेंगरूळ टायर, ज्याचे ठोकळे मोठे आणि मधली जागा ऐसपैस. दोन थापडांत माती भुईवर.

चाचा म्हणाले, "तीस वर्षं झाले टायर विकून राह्यलो. टायरले माती चारताना आज पाह्यलं." पण मग त्यांनाच गोडी लागली. बाही सारून ते माझ्याबरोबर माती दाबू लागले. काट्याची पुडी पाहून मात्र हात आडवा धरला. "बाई, काटा वरून नाही घुसत, बाजूच्या गालातून घुसतो. हा नायलॉनचा आहे, आठ प्लायचा, म्हणजे आठ थरांचा, याचा गाल जाड आहे. माह्यावर भरोसा ठेवा, भोक नका पाडू."

चार नवे झेपणारे नव्हते. तर चाचाच म्हणाले, "दोनच घ्या, मागं लावा. जोर मागच्या चाकांचा. पुढचे फक्त रस्ता दाखवतात." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी समजून मान खाली घातली. आमच्या घरचा कारभारही असाच चालतो.

बाजाराच्या आदल्या दिवशी धो धो पाऊस. बाजाराच्या सकाळी आठ बाया भीत भीत गाडीच्या मागच्या उघड्या डाल्यात चढल्या. नणंद चढली नाही. तिनं ऑटोवाल्याला बोलावूनच ठेवलं होतं, "तुमी व्हा पुढं, मी मागून येतो. तुमची हवा गेली का बाकीच्यायले घेतो."

आमची गाडी चालली बाई. खाचांत माती भरे आणि चाक फिरलं की सुटे. सुटून जाणार कुठं? मागं. आणि मागं, आमच्याच चाकोरीतून, नणंदेचा ऑटो, दोन्ही बाजूंनी उघडा.

सडकेला लागलो, गाडी थांबवली, टायर तपासले. हवा जिथल्या तिथं. मागून ऑटो आला. आधी ऑटोवाला ओळखू आला नाही, मग नणंद. तिच्या वाळकांवर तर हातभर माती. ती उतरली, पदरानं तोंड पुसलं, टोपली उचलून आमच्या डाल्यात टाकली आणि वर चढली. आठही बाया दुसरीकडे पाहत होत्या.

"हसू नका वं," ती म्हणाली. "भाभी, आजपासून मी याच्यातच येत जाईन. याच्या मागं येण्यापरीस आत बसलेलं बरं."

नऊच्या नऊ राहिल्या. तूही ये आता, लई दिवस झाले. सडकेवर उतर, आम्ही न्यायला येऊ. पोळ्याच्या आधी ये, तेव्हा वाळकं गोड असतात.