आठ पदरी रस्ता आणि ट्रकचा अभ्रा

दोन खोल्यांच्या घरात ट्रक झोपवून दाखवाल का? नाही ना? मग ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या बाईला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या देऊ करणाऱ्या साहेबांना हे तुम्ही का नाही विचारलंत?

या बाईला रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर तोंडावर काकू म्हणतात आणि पाठीमागे दाभण. दाभण म्हणजे जाड कापडातून आरपार जाणारी ती लांब सुई. तिची जीभही त्याच जातीची. हे नाव तिला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतंही.

लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं बटण लावता येत नव्हतं. सासऱ्यांनी मशीनवर बसवलं आणि म्हणाले, "सूनबाई, तू कापडाला घाबरू नकोस. कापडाला तुझी भीती वाटली पाहिजे." पुढं सासरे गेले, दीर वेगळा झाला, लेक सासरी गेली. उरला तो रस्त्याकडेचा पत्र्याचा गाळा, मधोमध मशीन, आणि नवरा.

गाळा रुंदीला बेताचा, पण लांबीला असा की या टोकाचं बोलणं त्या टोकाला ऐकू जायचं तर ओरडावंच लागतं. नवरा-बायकोची भांडणं त्यामुळे सगळ्या रस्त्याला पाठ. पण लांबी हवीच. ताडपत्री शिवताना कापड पूर्ण पसरलेलं लागतं. ती मशीनवर बसून पुढून सोडणार, तो मागून ताणून ओढत नेणार. घडी घालून शिवायचं नाही, हा सासऱ्यांचा कायदा.

अशात सरकारची ती योजना आली. आठ पदरी रस्ता, त्याला लागून मालगाड्यांचे दोन रूळ, आणि पुढं माल चढवाय-उतरवायचं भलंमोठं आवार. साहेबांनी रंगीत चित्र आणलं होतं. लोक त्यातली झाडं बघत होते, कारंजं बघत होते. दाभणनं एकच पाहिलं.

"अहो साहेब, तुमच्या चित्रातले ट्रक सगळे उघडेच! यांच्यावर काय पाऊस पडत नाही होय?"

साहेब हसले. चार दिवसांनी त्यांच्या माणसांनी हद्दीचा दगड आणून थेट गाळ्यात, मशीनच्या पलीकडं रोवला. मशीनपासून रस्त्यापर्यंतचं सगळं जाणार. बदल्यात त्या दोन खोल्या.

नवऱ्याला खोल्या आवडल्या होत्या. त्याचे गुडघे बोलतात. "लिफ्ट आहे गं. नळ घरात आहे."

"आणि ताडपत्री?"

"दुमडून शिवू."

"दुमडून शिवू म्हणे! तुमचे बाबा असते तर तुम्हालाच दुमडलं असतं."

"अगं, एकदा करून तर बघू. उगाच आधीच काय नाट लावतेस?"

मग त्यानं गाळ्याच्या जमिनीवर खडूनं खोलीएवढा चौकोन आखला. एका मिशीवाल्या ड्रायव्हरची ताडपत्री हातात होतीच. दोघं त्या चौकोनात घुसले. कापडाचा डोंगर झाला. तो ओढायला जाई तर पाठ रेघेला लागे. ती म्हणे, "भिंत आली, थांबा!" आणि भिंत कुठंच नाही. घामाघूम होऊन शिवलं एकदाचं. मिशीवाला घडी खांद्यावर टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजवतच परत आला. "काकू, माल भरून झाला, ताडपत्री उलगडली, तर उघडेचना! दोन्ही बाजू एकमेकींना शिवल्यात तुम्ही. मी ताडपत्री सांगितली होती, तुम्ही ट्रकला अभ्रा शिवलाय! आता एवढी उशी कुठनं आणू? हमाल पोट धरून हसतायत."

नवराही हसला. दाभण नाही हसली. शिवताना खालची घडी वरच्या शिवणीत आली होती, आणि तिच्या हाताला ते कळलं नव्हतं. ती ब्लेड घेऊन खाली बसली आणि टाका टाका उसवू लागली. मिशीवाला वरमला. "राहू दे काकू, गंमत केली."

ती उसवतच राहिली. तेव्हा नवऱ्याचं हसू आटलं.

"मी तिथं जाऊन काय करू हो?" ती खाली मान घालूनच म्हणाली. "नळाकडं बघत बसू? हा गाळा गेला की मी कुणाची कोण?"

त्या दिवसानंतर लिफ्टचं नाव त्यानं काढलं नाही. मोर्चे निघाले, त्यात गुडघे धरून चालला. मोर्च्यांनीच सगळं झालं अशी फुशारकी इथं कुणी मारणार नाही. साहेबांच्या टेबलावर आम्हा गाळेवाल्यांचे अर्ज चहाच्या कपाखाली असायचे, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

मग एका दुपारी मोजणीवाला एकटाच आला. चित्र नाही, लवाजमा नाही. दगडावरच टेकला आणि म्हणाला, "मावशी, पाणी द्या. योजना आखडली."

"आखडली म्हणजे? कुठून कापली?"

"दोन्हीकडून. आठाचे चार पदर. रूळ तूर्त रद्द. आवार तर गेलंच. पलीकडच्या राज्यानं पैशाला हात वर केले, आणि एवढे ट्रक येणार कुठून ते कुणालाच सांगता येईना. तुमचा गाळा वाचला. पुढची पायरी तेवढी जाईल."

"पुन्हा सांग."

"गाळा वाचला, मावशी."

"यांना सांग. तिकडच्या टोकाला आहेत. मोठ्यानं सांग."

तो ओरडला. तिकडून नवरा म्हणाला, "गेली म्हणजे माझी लिफ्ट!" आणि इतका मोकळा हसला की खोकला लागला. पायानंच खडूच्या रेघा पुसत तो मशीनपाशी आला. ती तोंडाला पदर लावून बसली होती. रडत होती की हसत होती ते मोजणीवाल्यालाही कळलं नाही. तो पाणी पिऊन गुपचूप गेला. दोघांनी मग गाळाभर नवं कापड पसरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि जरा वेळ त्यावर नुसतेच बसले.

पण हद्दीचा तो दगड अजून जागेवरच आहे. योजना कागदावर आखडलीय, जमिनीवर नाही. येत्या गुरुवारी सकाळी नवी मोजणी आहे, आणि पायरीपाशी ठरलेली रेघ मशीनपाशी सरकायला एका माणसाची डुलकी पुरते. तेव्हा तुम्ही या. भाषण नको, घोषणा नको, हार तर नकोच. गाळ्यासमोर उभे राहा, रेघ कुठं पडते ते डोळ्यांनी बघा, आणि ती वीतभर जरी आत सरकली तर तिथल्या तिथं, या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, ओरडा.