मी बिघडवलेला कॉम्प्युटर

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी आमचा कॉम्प्युटर चालता चालता फट्‌कन बंद पडला. सोसायटीच्या पाण्याची नोटीस अर्धी टाइप झालेली आणि स्क्रीन काळाठिक्कर. तीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिस्ट होते मी, यंत्राला भिणारी बाई नाही. प्लग हलवला, बोर्डाचं बटण तपासलं, पुन्हा लावला. सुरू झाला हो, आणि थोड्या वेळानं पुन्हा बसला.

मुलाला फोन केला. तो बाळकुमला राहतो, मी कोपरला. माणकोलीचा पूल झाल्यापासून गाडीनं अर्ध्या तासाचं अंतर, हे त्यानंच मला कौतुकानं सांगितलेलं. गणपतीत उभ्या उभ्या येऊन गेलेला, त्यानंतर तोंड दाखवलं नाही.

"आई, रिस्टार्ट कर."

"अरे, मघापासून दुसरं काय करतेय मी?"

"बरं बरं, ओरडू नको. रविवारी येऊन बघतो. तू उगाच उघडाउघडी करत बसू नकोस."

रविवारी येतो! शुक्रवारी कडवे वाल भिजत घातले की रविवारी बिरडं होईल, हे आधी डोक्यात आलं. कॉम्प्युटर राहिला बाजूला.

पण मला गप्प बसवतंय कुठे? दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसले. सकाळी नऊ मिनिटं चालला. लगेच पुन्हा लावला तर दोनच मिनिटं. दुपारी, चांगला निवल्यावर, परत नऊ. म्हणजे स्वारी तापत होती. म्हटलं, आपला हात जगन्नाथ. शिलाई मशीनच्या डब्यातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला, प्लग काढला, बाजूचं झाकण उघडलं. आतला पंखा बोटानं फिरवून पाहिला तर हलेना. टॉर्च मारला. पात्याच्या फटीत कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा घट्ट रुतून बसलेला! खाली आणखी चार-पाच.

कपाळ माझं! या अक्षता मीच वाहिलेल्या. दसऱ्याला आमच्याकडे कॉम्प्युटरचीही पूजा होते, आणि इतकी वर्षं ती माझे यजमान करायचे. प्लग काढून, बाजूला हळदकुंकवाचं एकेक बोट आणि वर झेंडूचं एक फूल. अक्षता नाहीत. "अक्षतांशिवाय कसली पूजा? कद्रूपणा नुसता," मी दर वर्षी बोलायची. ते हसायचे. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते गेल्यानंतरचा हा पहिला दसरा. अडवायला कोणी नाही, म्हणून वरच्या जाळीवर मूठभर अक्षता घातल्या मी, अगदी मनसोक्त. त्या दाण्याकडे बघून मला हसू आलं. मग ही गंमत सांगायला घरात कोणी नाही हे आठवलं आणि तिथेच, स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून, रडले.

क्रोशाच्या सुईनं दाणा उपसला, बाकीचे वेचले, धूळ फुंकली. लावला. एक तास चालला, दोन तास चालला. नोटीससुद्धा पुरी झाली. अशी खूश झाले म्हणून सांगू! मुलाला सांगायला फोन हातात घेतला, नाव काढलं, आणि तशीच बसले. कॉम्प्युटर चालू झाला हे कळलं, तर रविवारी तो कशाला येईल?

मग मी जे केलं ते लिहायचीही लाज वाटते. पुन्हा प्लग काढून झाकण उघडलं. आत रॅमची एक पट्टी असते. यजमान ती काढून खोडरबरानं घासायचे, ते बघितलेलं. ती नसली की कॉम्प्युटर नुसता टूं टूं करतो, स्क्रीनवर काही येत नाही. ती पट्टी काढली आणि बटणांच्या डब्यात तळाशी ठेवून दिली. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही. पण मला एक अख्खी दुपार हवी होती. त्यानं जमिनीवर मांडी घालून बसावं, स्क्रू कुठे ठेवलास म्हणून माझ्यावर खेकसावं, मी केलेला चहा गार करावा. एवढंच.

रविवारी साडेअकराला आला. हातात खोका. "ते सोड आई, नवीन लॅपटॉप आणलाय तुला." जुन्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"अरे, उघडून तर बघ काय झालंय ते," मी म्हटलं. चोराच्या मनात चांदणं, आवाज चिरकला माझा.

"कशाला? किती जुनं धूड आहे ते!"

वीस मिनिटांत त्यानं सगळं लावलं, माउससुद्धा जोडून दिला. मग मला शेजारी बसवलं. "हे बघ. काही अडलं ना, फक्त फोन कर. मी तिकडे बसून तुझा स्क्रीन बघेन, माउसही तिथूनच फिरवेन. आता मला इथपर्यंत यायलाच नको!" इतका खुललेला चेहरा त्याचा. मी "वा!" म्हटलं, दुसरं काय म्हणणार? बिरडं चाटूनपुसून खाल्लं, आणि चारला नातीचा क्लास आहे म्हणून दोनला निघालासुद्धा.

नको रे, येत जा तू, मला करमत नाही. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. लिफ्ट येईपर्यंत त्याच्याबरोबर उभी राहिले आणि बोलले काय, तर "गाडी सावकाश चालव." चीड येते मला माझीच.

मंगळवारी दुपारी मी त्याला ऑफिसात फोन केला. म्हटलं, अक्षरं एकदम बारीक झाली रे, दिसतच नाहीत. बारीक मीच केलेली, हे वेगळं सांगायला नको. "थांब, बघतो," म्हणाला. स्क्रीनवरचा बाण आपोआप हलायला लागला. मी हात मांडीवर ठेवून बघत राहिले. बाण कोपऱ्यात गेला, काहीतरी उघडलं, मिटलं, अक्षरं मोठी झाली.

"जेवलास का रे?" मी विचारलं.

बाण जरासा थांबला. "हो गं. झालं बघ तुझं. ठेवतो."

बाण पडद्याच्या मधोमध तसाच राहिला. माउसला धक्का लागू नये म्हणून मी खुर्ची हळूच मागे घेतली, आणि तो परत हललाच तर दिसावा म्हणून समोर बसून राहिले.