विधवाघराच्या दारावरचा मुकुट

योब्स्ट हार्निश आमच्या ड्यूकच्या लिंडेनरोडा इथल्या महालात चांदीच्या भांड्यांवरचा कारभारी होता. थोडीथोडकी नाही, एक्केचाळीस वर्षं. माणूस सरळ, पण नियमाचा भारी पक्का. ज्या वस्तूवर मुकुटाचा शिक्का, ती ड्यूकची. मग ती कुणाच्याही हातात सापडो. एकदा ओटिली या गाडीवानाच्या विधवेकडे शिक्क्याचा चमचा निघाला. "धन्यांनी शिकारीत खूश होऊन माझ्या नवऱ्याला दिलाय हो," असं ती कळवळून सांगत होती. योब्स्टने चमचा काढून घेतला.

वर्षभराने बाईचं म्हणणं खरं ठरलं. योब्स्ट चमचा परत द्यायला गेला, तर ती दिराच्या गोठ्यात गाईंच्या शेजारी राहत होती. महालातला नोकर मेला की त्याची खोली दुसऱ्याला जायची आणि बायको रस्त्यावर यायची. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने कधी तिकडे पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं आणि तो मनातून हलला.

त्याला मूलबाळ नव्हतं, बायकोही गेलेली. तिचं माहेरचं शेत विकून त्याने नदीकाठचं जुनं घर घेतलं, डागडुजी केली आणि नोकरांच्या सात विधवांना तिथे आणून ठेवलं. पहिली ओटिली.

दारावर काय कोरायचं, हा प्रश्न आला तेव्हा त्याचा तीस वर्षांपासूनचा मित्र, महालातला चिटणीस लेब्रेख्ट ट्यूमलर, बिअरचा मग खाली ठेवून म्हणाला, "अरे योब्स्ट, स्वतःचं नाव कोरणार? वेडबिड लागलं का तुला? धनी हयात असताना नोकराने दानशूर म्हणून मिरवायचं? महालात नाकं मुरडतील. मुकुट लाव. मुकुटाखालच्या घराला हात लावायची कुणाची छाती आहे?"

योब्स्टला ते मनापासून पटलं. धनी उभे असताना तो आयुष्यात कधी बसला नव्हता. त्याने मुकुट कोरवून घेतला आणि कागदपत्रं लेब्रेख्टवर सोपवली. लेब्रेख्टच्या मनात तेव्हाच पाप होतं का? मला विचाराल तर नव्हतं. पण त्यामुळेच मला अधिक चीड येते.

अकरा वर्षं घर छान चाललं. मग म्हातारे ड्यूक वारले, मुलगा गादीवर आला आणि लेब्रेख्ट खासगी सल्लागार झाला. एवढ्या मोठ्या माणसाला शोभेलसं घर हवं, नाही का?

वसंतात एका सकाळी तो भांड्यांच्या खोलीत हुकूम घेऊन आला. "वाच," म्हणाला. योब्स्टने वाचलं. विधवाघर महालाची मालमत्ता ठरलं होतं आणि ते सल्लागार ट्यूमलर यांना राहायला दिलं होतं.

"लेब्रेख्ट, घर माझं आहे. तुला तर ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे रे. पण मी लिहिलेल्या कागदावर महालाचंच नाव आहे. आणि दारावर काय आहे? मुकुट असेल ते महालाचं, हे एक्केचाळीस वर्षं तूच तर सगळ्यांना शिकवलंस!"

"तूच लावायला सांगितलास तो!"

"मी सुचवलं. लावलास तू." लेब्रेख्टने हातमोजे चढवले. "मनाला लावून घेऊ नकोस. शनिवारी येतोस ना बिअरला?"

केसाने गळा कापावा तसा कापला होता, आणि वर बिअरचं आमंत्रण! 

विधवांना सांगायला तो स्वतः गेला. त्याला वाटलं होतं, बायका लेब्रेख्टला शिव्या घालतील. पण त्या योब्स्टकडेच वळल्या.

"तुम्हाला माहीत नव्हतं, हार्निशसाहेब?" ओटिली म्हणाली. "त्या मुकुटाचं तुम्हाला माहीत नव्हतं? माझ्या हातातला चमचा ओढून नेणाऱ्या माणसाला?"

"ओटिलीबाई, देवाशपथ, मी धन्यांच्या मानापोटी लावला. मलाच फसवलं हो."

"तुम्हाला फसवलं. आणि रस्त्यावर कोण? आम्ही. म्हणून म्हणते, गोठाच बरा होता. गाई निदान आमचं भलं करायला निघत नाहीत."

हे त्याला लेब्रेख्टच्या हुकुमापेक्षा जास्त लागलं. आठवड्याभरात सहाजणी कुठे कुठे नातेवाइकांकडे पांगल्या. कुणी त्याचा निरोप घेतला नाही.

ओटिली शेवटी निघाली, दोन गावं पलीकडच्या भाचीकडे. योब्स्ट दाराशी उभा होता. "माझ्या दोन खोल्या आहेत," तो म्हणाला. "तिथे या."

"महालातल्या खोल्या ना? तुम्ही मेलात की मग?"

 त्याने तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि चालायला लागला. तिकडे महालात नव्या सल्लागाराच्या मानाची मेजवानी होती; टेबल मांडायची वेळ होऊन गेली होती आणि लोक त्याला हाका मारत फिरत होते. दोन गावं संपेपर्यंत ओटिली त्याच्या चार पावलं मागून चालत राहिली. भाचीच्या दारात तिने गाठोडं काढून घेतलं, आत गेली आणि कडी लावली.